मदत हवी आहे: ‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये द्राक्ष निर्यातीचे मेल मी बघते. इंग्लंडच्या ग्राहकाने थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या नमुन्यावर ‘क्वाइट गुड’ लिहिलं. मी लगेच मालकांना म्हटलं, दादा, माल आवडला त्यांना! नंतर कळलं, अमेरिकेत याचा अर्थ ‘खूप छान’, पण ब्रिटिश माणूस बरेचदा ‘ठीक आहे’ एवढंच म्हणत असतो. जीव खट्टू झाला. ‘टेबल’चं तर उलटंच: ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणे, अमेरिकेत बाजूला ठेवणे. आणि आपण ‘उत्तर द्या’ म्हणून सर्रास लिहितो ते ‘रिव्हर्ट’, तिकडे ‘पूर्वस्थितीला जाणे’.

तिकडच्यांशी रोज बोलणाऱ्यांनी असे आणखी फसवे शब्द सांगाल का? हंगामाआधी शिकून घ्यायचंय.