कौलारू चिरेबंदी घराला बाहेरचे कॅमेरे, घराचं रूप न बिघडवता

ओटीवरून:

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातलं जुनं घर आहे. भिंती जांभ्याच्या, बाहेरून गिलावा नाही, दरजा चुन्याच्या. वर मंगलोरी कौलं, सागाचे वासे, पुढे खांबांवरची पडवी. वळचणीची कड जमिनीपासून साडेसात फूट. खळं (पुढचं अंगण) ओलांडून बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, ४५ फूट. वर्षातले बरेच महिने घर बंद असतं, त्यामुळे चार कॅमेरे हवेत: बेडं, पडवी, मागचं दार आणि विहिरीची बाजू. इंस्टॉलरने दिलेला आराखडा म्हणजे दर्शनी भिंतीवर पांढरे बुलेट (नळकांड्यासारखे) कॅमेरे आणि कोपऱ्यातून खाली आलेली, तारा झाकणारी पांढरी पट्टी. चिऱ्याला भोकं न पाडता, येणाऱ्याच्या चटकन नजरेत न येता हे कसं करावं? वायफायचे सोलर कॅमेरे घेतले तर तारांची कटकट वाचेल का?

चुनासुरखी:

आधी भिंतीबद्दल. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं की सहा मिमीचं भोक आठ-नऊचं होतं, स्क्रूची गिट्टी त्यात नुसती फिरते. मग इंस्टॉलर ती सिमेंटमध्ये बसवतो आणि पावसाळ्यानंतर त्या जागी काळा ओघळ दिसू लागतो. चिऱ्याला पडलेलं भोक पुन्हा बेमालूम बुजत नाही. भिंतीत जाणं टळत नसेल तर दरजेत जा, हॅमर बंद ठेवून, आणि काम झाल्यावर चिऱ्याची भुकटी घातलेल्या चुन्याने भरा. दरज पुन्हा भरता येते.

पण तुमच्या घरी भिंतीला हात लावायची गरजच नाही. कॅमेरा लाकडाला धरा. पडवीचा खांब किंवा वासा, दोन्ही चालतील; रीप (कौलांखालची आडवी पट्टी) नको, कारण शाकारणीच्या, म्हणजे कौलं फेरण्याच्या वेळी रिपा बदलल्या जातात. लाकडालाही भोक नको असेल तर २० मिमी रुंद, दीड मिमी जाड स्टेनलेसची पट्टी खांबाभोवती फिरवून मागच्या बाजूने बोल्टने आवळा. पट्टीखाली रबर घाला, नाहीतर लाकूड दबतं आणि गंजाचा डागही पडतो. समुद्र जवळ असेल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टील आणि स्क्रू घ्या; खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरही तांबूस ठिपके येतात.

वाशाला लावायचं असेल तर फणसाचा किंवा सागाचा ठोकळा घ्या, साधारण १५० × १५० मिमी. वरची बाजू छपराच्या उताराने तिरकी तासली की खालची बाजू सपाट येते आणि कॅमेरा सरळ बसतो. ठोकळ्याला काजूच्या टरफलांचं तेल द्या. जुन्या वाशांच्या रंगात तो इतका मिसळतो की शोधावा लागतो. शक्यतो भिंतीजवळ, फूटभर अंतरावर लावा. वाशाचं टोक वाऱ्यात हलतं आणि चित्र थरथरतं.

तारजोड:

चुनासुरखी यांचं लाकडाबद्दलचं सगळं मान्य, पण भिंतीजवळ लावायचा सल्ला या घराला चालणार नाही. कौलारू छपराचा उतार सुमारे ३० अंश धरा. वळचण भिंतीपासून तीन फूट पुढे असेल तर फूटभरावरच्या कॅमेऱ्यापुढे दोन फूट छप्पर उरतं आणि तेवढ्यात ते फुटाहून थोडं जास्त खाली येतं. म्हणजे कड साडेसात फुटांवर, तर भिंग साडेआठ-पावणेनऊ फुटांवर. कडेखालून जाणारी नजर पंधरा-सोळा फुटांवर जमिनीला टेकते. अर्धं खळंही दिसणार नाही, बेडं तर दूरच. शिवाय रात्री इन्फ्रारेडचा उजेड समोरच्या कौलांवर आपटून परत येतो आणि सगळं चित्र पांढरं पडतं.

नियम साधा आहे: भिंग वळचणीच्या कडेच्या रेषेत किंवा तिच्या दोन-तीन इंच खाली हवं. तुमच्याकडे त्यासाठी पडवीचा खांब उत्तम. सव्वासात फुटांवर, खांबाच्या खळ्याकडच्या तोंडावर नाही, तर बाजूच्या तोंडावर पुढच्या कडेशी. तिथे दिवसभर सावली असते, आणि या उंचीवरून चेहरा समोरून मिळतो. बारा फुटांवरून नुसत्या टोप्या दिसतात. हात पोचतो हे खरं, म्हणून दोन कॅमेरे एकमेकांना पाहतील असे लावा.

कॅमेरा टरेट प्रकारचा घ्या, म्हणजे खोबणीत फिरणारा गोळा, वर काचेचा घुमट नसलेला. डोमच्या काचेवर थेंब साचले की रात्री आतल्या आत चकाकी येते, आणि बुलेट लांबूनही ओळखू येतो. काही कंपन्या काळ्या रंगातही देतात. स्वतः रंग मारणार असाल तर मॅट गडद तपकिरी, आधी धातूचा प्रायमर, आणि भिंग व इन्फ्रारेडची काच दोन्ही मास्किंग टेपने झाकून. रंगवलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी सहसा मिळत नाही, हे धरून चाला.

पागोळ्यांचा विचार आत्ताच करा. भिंगासमोर धार पडत असेल तर रात्री चित्रभर पांढऱ्या रेषा दिसतात आणि फोनवर अलर्टचा मारा सुरू होतो. कॅमेऱ्यासमोरच्या पाच फुटांपुरती पत्र्याची पन्हळ लावून गेरूच्या रंगात रंगवली की पाणी बाजूला जातं. झड अडवायला पडवीला ताडपत्री बांधत असाल तर ती कुठून येते, तेही पाहून घ्या.

ओटीवरून:

ताडपत्री जूनमध्ये बांधतोच, दक्षिणेकडून. ती बाजू सोडून उत्तरेचा खांब घेतो. तारा कुठून न्याव्या, आणि भिंग कोणतं?

रोहित्र:

सोलर-वायफायचं आधी सांगतो: नको. पॅनेलला ऊन हवं, म्हणजे ते उघड्यावर दिसणार. आणि कोकणात जुलैत कितीतरी दिवस ऊनच नसतं. जाड, ओल्या चिऱ्यातून वायफायही धड बाहेर येत नाही.

पीओई घ्या, एकाच तारेत वीज आणि चित्र. बाहेरची काळ्या आवरणाची कॅट-६ (नेटवर्कची तार), पूर्ण तांब्याची. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड पेटताच कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. जुन्या घरात भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये फट असतेच, तार तिथूनच आणा. मग ती वाशाच्या वरच्या अंगाला न बांधता बाजूला बांधा, म्हणजे शाकारणीवेळी पायाखाली येत नाही आणि खालूनही फारशी दिसत नाही. माळ्यावरचा भाग लोखंडी पाईपमधून न्या; उंदीर पीव्हीसी कुरतडतात. वानरांचा त्रास असेल तर लोंबती तार कुठेच ठेवू नका. प्लग तार ओवून झाल्यावर दाबा, म्हणजे सात-आठ मिमीच्या फटीतही काम होतं. कॅमेऱ्याशी तारेला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच गळून जातं. जोड उघडा सोडू नका: कॅमेऱ्यासोबत आलेलं वॉटरप्रूफ टोपण आणि वरून स्वतःला चिकटणारी रबर टेप.

भिंगाचा हिशोब: अनोळखी चेहरा ओळखायला मीटरला २५० पिक्सेल धरतात. चार मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे सुमारे दहा मीटर रुंदीपर्यंत. ४ मिमी भिंगाने ते सहा मीटरवर जमतं, ६ मिमीने दहावर. तुमचं बेडं पावणेचौदा मीटरवर आहे, तिथे ८ मिमी किंवा कमी-जास्त करता येणारं २.८ ते १२ मिमीचं भिंग लागेल. पडवीच्या पायऱ्यांना ४ मिमी पुरे; माणूस तिथे येणारच. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड अंधारात लालसर दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला बराच कमी. पडवीला ९४० चालेल, बेड्याला नाही. कोळिष्टकं भिंगासमोर चमकतात, तेव्हा बेड्याच्या कॅमेऱ्याचा उजेड बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा चार-पाच फूट बाजूला लावलात तर ती तशी उजळत नाहीत.

विहिरीकडे तांब्याची तार नेऊ नका. वळवाच्या विजांमध्ये अशीच लांब तार आतला स्विच आणि रेकॉर्डर दोन्ही घेऊन जाते. फायबर (काचेची तार) न्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी, आणि वीज पंपाच्या खोलीतून.

रेकॉर्डर माळ्यावर नको, कौलांखाली एप्रिल-मेमध्ये फार तापतं. माजघरातल्या फडताळात ठेवा, मागे हवेला जागा सोडून. चार कॅमेरे प्रत्येकी ३ एमबीपीएस धरले तर रोज सुमारे १३० जीबी होतात. २ टीबीच्या डिस्कवर पंधरा दिवस राहतात. रेकॉर्डरच उचलून नेला तर सगळंच गेलं, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घाला. सगळा भार ५० वॅटच्या आसपास. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर निदान बारा-पंधरा तास निघतात. वादळात लाइन त्याहून जास्त वेळ जाते, तेव्हा राउटर आणि बेड्याचा कॅमेरा एवढंच चालू राहील अशी वेगळी स्विचजोडणी आत्ताच करून घ्या.