रायफलचं बॅरल (नळी) स्टेनलेसचं म्हणतात पण लोहचुंबक चिकटतंय, हे कसं काय?

रेंजवरची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी कोल्हापुरात ५० मीटर प्रोनला (पालथं झोपून नेमबाजी) असते, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला कांस्य आणलं तेव्हापासून इकडं पोरांना रायफलचं जे वेड लागलंय त्यातलीच ती एक. आता क्लबात दोन वापरलेल्या पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या) रायफली आल्यात, एकीचं बॅरल काळं आणि दुसरीचं पांढरं, स्टेनलेसचं. एका पालकांनी लोहचुंबक लावून बघितलं तर पांढऱ्यालाही पटकन चिकटलं, ते म्हणतात हे खरं स्टेनलेस नाहीच, घरातल्या डब्याला कुठं चिकटतंय. खरंच फसवणूक आहे का? आणि दोन्हींतलं टिकेल कुठलं?

टूलरूमवाला:
ताई फसवणूक अजिबात नाही. डबे-ताटं बहुतेक ३०४ ची असतात, त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम नि ८ टक्के निकेल, ते चुंबकाला दाद देत नाही पण हीट ट्रीटमेंट करून कडकही होत नाही. बॅरलला लागतं कडक होणारं स्टील, म्हणून ४१० किंवा ४१६ च्या घराण्यातलं घेतात, त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळपास नाहीच, आणि त्याला चुंबक चिकटणारच. चिकटलं म्हणजे उलट बरोबर माल आहे.
काळं बॅरल म्हणजे क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील), अमेरिकेत ४१४० म्हणतात, आपल्या एमआयडीसीत कुठल्याही शॉपमध्ये ईएन १९ म्हणून जे शाफ्टला वापरतात ते त्याचंच जवळचं भावंड. कार्बन ०.४, क्रोमियम १ टक्का, मॉलिब्डेनम ०.२ च्या आसपास. एवढ्याशा मॉलीनं हार्डनिंग आतपर्यंत पोचतं आणि टेम्परिंगनंतर स्टील ठिसूळ होत नाही, एका टक्क्याचा पाचवा भाग आणि केवढं काम!

धातुवेडा_पुणे:
वरचं बरोबर, थोडी भर घालतो. साध्या ४१६ मध्ये मुद्दाम सल्फर घालतात, मशिनिंगला चिप (कापताना निघणारा कीस) छान तुटते, पण त्या सल्फाइडच्या बारीक रेघा बॅरलच्या लांबीत पडून राहतात आणि दाबाखाली तीच कमजोर जागा. म्हणून अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीनं बॅरलसाठी कमी सल्फरचं ४१६आर काढलं. आणि पांढरं म्हणजे गंजणारच नाही असं धरू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या कव्हरमध्ये आठवडाभर ठेवलं तर ४१६ वरही डाग येतात.
टिकण्याचं म्हणाल तर मोठ्या कॅलिबरला फरक पडतो, ३०८ नावाच्या मोठ्या काडतुसाला ६२ हजार पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) दाब आणि गॅसचं तापमान स्टीलच्या वितळबिंदूच्याही वर, त्यानं चेंबरच्या पुढचा घसा उकलतो, बारीक भेगांचं जाळं पडतं. पॉइंट टू टू ला दाब २४ हजारच्या आसपास, गोळी शिशाची, घसा असा जळत नाही. मुलीच्या आयुष्यात दोन्हींपैकी एकही बॅरल स्टीलमुळे संपणार नाही असं मला ठामपणे वाटतं.

माजी_सैनिक_सातारा:
मी सर्व्हिसमध्ये एसएलआर (सैन्याची जुनी रायफल) चालवली, तिथं पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी म्हणजे रोजचं जेवणच होतं. स्टील कितीही भारी असू द्या, ओल आणि कचरा त्याला खातोच. व्हिएतनाममध्ये अमेरिकन पोरांच्या सुरुवातीच्या एम १६ रायफलीला चेंबरमध्ये क्रोम नव्हतं, दमट हवेत चेंबर गंजून काडतुसाची रिकामी पुंगळी अडकायची, काडतुसातली दारू बदललेली आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नाही, त्यात पोरं मेली. नंतर क्रोम चढवलं. हे वाचलं की अजून राग येतो. मॅच रायफलला मात्र आतून क्रोम नको, थर सगळीकडं सारखा बसत नाही नि अचूकता जाते.

रेंजवरची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, जीव भांड्यात पडला. मग निवडायचं कशावरून?

धातुवेडा_पुणे:
रंग विसरा. बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) मिळाला तर चेंबरच्या लगेच पुढं कार्बनची (काजळीची) रिंग बसलीय का आणि तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ठेचली आहे का ते बघा, वापरलेल्या रायफलीत साफसफाईचा रॉड पुढून घालून क्राउन खराब केलेलं फार सापडतं. मग दोन्ही क्लॅम्पला लावून तीन-चार वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपांची) गोळी मारून ग्रुप, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघा, पॉइंट टू टू मध्ये एका बॅरलला आवडलेला लॉट दुसऱ्याला आवडेलच असं नाही. जिचा ग्रुप घट्ट ती घ्या, आणि त्या लॉटची जमतील तेवढी पाकिटं त्याच दिवशी उचला.