घरातली माया कृष्णधवलच दिसावी का?

धागाकर्ता: घरातली माया टिपणारे फोटो कृष्णधवलच असावेत, असं माझं ठाम मत आहे. तापलेल्या मुलाच्या कपाळावर टेकलेला तळवा, झोपेतही वडिलांचं बोट न सोडणारी मूठ. फोटो रंगीत असला की डोळा आधी लाल चादरीवर जातो, मग कोपऱ्यातल्या निळ्या बादलीवर. रंग काढले की हात दिसतो. छायाचित्रकार एलियट अर्विट यांनी १९५३ मध्ये खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आठवा: पलंगावर नुकती जन्मलेली मुलगी, तिच्याकडे एकटक बघणारी आई, बाजूला मांजर. यात रंग घालून काय वाढेल? १९५५ मध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ६८ देशांतले ५०३ फोटो 'द फॅमिली ऑफ मॅन' या प्रदर्शनात मांडले, त्यातही तो होता. त्या अख्ख्या प्रदर्शनात रंगीत फोटो एकच होता, हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाचा. मला हे फार बोलकं वाटतं.

पहिला प्रतिसाद: पूर्ण असहमत. रंग टाळण्यात तुम्हाला जी कलावंताची दृष्टी दिसतेय, ती बरीचशी त्या काळची अडचण होती. तेव्हाच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचा वेग, म्हणजे कमी उजेडात फोटो टिपण्याची क्षमता, होता १०. १९५४ मध्ये ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी आलेल्या कृष्णधवल ट्राय-एक्सचा २००, म्हणजे वीसपट. फ्लॅश न उडवता, झोपलेल्या बाळाला न उठवता घरात फोटो काढायचा तर दुसरा पर्याय जवळपास नव्हताच. आज रंगीत काढलेला फोटो एका बटणाने कृष्णधवल करतो तेव्हा आपण त्याला उसना जुनेपणा चढवतो. बघणाऱ्याचा गळा दाटतो तो त्या जुनेपणाने, समोरच्या माणसांमुळे नाही.

धागाकर्ता: फिल्मच्या वेगाचं मान्य, तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण निकोलस निक्सन यांचं काय? १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी त्यांनी पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचा एकत्र फोटो काढला, तोही ८ बाय १० इंचांच्या कृष्णधवल निगेटिव्हवर. त्या काळात रंग सहज मिळत होते. ही निवडच होती. चौघींच्या कपड्यांचे बदलते रंग नसल्यामुळे एकमेकींच्या खांद्यावरचे हात दर वर्षी कसे बदलले, तेच आपण बघत राहतो.

दुसरा प्रतिसाद: रंगापेक्षा मला वेगळंच खुपतं. युजीन स्मिथ यांनी डिसेंबर १९७१ मध्ये जपानच्या मिनामाता इथे एका आईचा फोटो काढला. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मुलगी जन्मतःच पीडित. आई तिला कुशीत घेऊन टबात अंघोळ घालतेय. फोटो घरच्यांच्या संमतीने काढलेला, त्याने जगाला मिनामाता कळलं. मुलगी १९७७ मध्ये गेली. पुढे आईवडिलांना वाटू लागलं की आता तिला विश्रांती मिळू द्यावी, आणि १९९८ मध्ये फोटोचे हक्क असलेल्या, युजीन यांच्या माजी पत्नी आयलीन स्मिथ यांनी तो नव्याने छापायला देणं थांबवलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो. अंधारातून उजळणारे ते दोन चेहरे इतके देखणे आहेत की ही कुणाच्या तरी न्हाणीघरातली गोष्ट आहे, याचा विसर पडतो.

पहिला प्रतिसाद देणारी: हे 'देखणं होणं'च मला टोचतं. शेवटच्या आजारपणात आजीचे केस विंचरणाऱ्या आईचा फोटो मी काढला होता. सलाइनच्या सुईने आजीचा हात काळानिळा झालेला. कृष्णधवल केल्यावर तो डाग नुसती सावली झाला. सगळे म्हणाले, किती सुंदर. आईने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हात कुठे गेला तिचा?"

धागाकर्ता: वाचून गलबललो. एकच सांगतो: रंगीत फोटो कृष्णधवल करताना त्यातल्या लाल रंगाच्या नोंदीवर (चॅनेलवर) भर दिला की त्वचेचे डाग फिके पडतात. हिरव्यावर केलंत तर तोच डाग गडद उठून दिसतो. म्हणजे दोष कृष्णधवलचा नाही.

पहिला प्रतिसाद देणारी: मग तो डाग दिसू द्यायचा की नाही, हे संगणकापाशी बसून मी ठरवणार? नको. मी आईला रंगीत प्रतच दिली. पिवळट उशी, जांभळा हात, हिरवा कंगवा, सगळं आहे त्यात. तिने ती कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, रोज साडी काढताना दिसेल अशी.