ग्रीन माउंटनची वणवा-चौकी: वाचवली की नवी बांधली?

खिळेठोक
कालच्या धाग्यावर एका महाशयांनी टाळ्या पिटल्यात: "2014 साली ओबामांच्या सहीने ग्रीन माउंटनची चौकी वाचली, वारशाचा विजय!" कसला डोंबलाचा विजय? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ग्लेशियर पीक वाइल्डरनेस या कायद्याने राखलेल्या रानात, सीसीसी या सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी 1933 मध्ये बांधलेली ही वणव्यावर नजर ठेवायची चौकी. बर्फाने खिळखिळी झाली, नवा पाया घातला तोही टिकला नाही, शेवटी सुटी करून खाली आणली आणि 2009 मध्ये हेलिकॉप्टरने परत वर नेली. अशा रानांसाठीच्या 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याचं कलम 4(सी) स्वच्छ आहे. यंत्र नको, बांधकाम नको. सूट फक्त कारभाराच्या किमान गरजेपुरती. वाइल्डरनेस वॉच या संघटनेने 2010 मध्ये वनखात्यावर दावा लावला, 2012 मध्ये कोर्टाने चौकी काढा म्हटलं. तर काँग्रेसने एका खोपटासाठी अख्खा कायदा केला! आता दर खोपटाला एकेक करा.

जाळरेषा
अर्धंच सांगताय. वनखातं कोर्टात हरलं ते कागदावर. हेलिकॉप्टरशिवाय भागणार नाही, हे त्यांनी आधी तपासून दाखवलंच नव्हतं. चौकी ऐतिहासिक नाही असं कोर्ट म्हणालं नाही. आणि नव्या कायद्यात चौकी तिथून हलवायला मनाई आहे. तिच्या जतनासाठी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी हलवावीच लागली तरच सूट.

खिळेठोक
मग खेचरं होती की! एल-4 हा अशा चौक्यांचा ठरलेला नमुना त्यासाठीच केलेला. 14 बाय 14 फुटांची खोली, लाकूड खालीच मापात कापून गठ्ठे बांधलेलं. खेचरामागे साधारण 150 पौंड, दोन्ही कुशींना सारखं. वर नुसती जुळणी. जे तसं चढलं ते तसंच का नाही चढवलं?

जाळरेषा
लाकूड खेचरांनी चढेल हो, पण कुजतं ते तळाला. उतारावरचा बर्फ नुसता बसत नाही, सरकतो, आणि खालच्या बाजूचे खांब ढकलतो. खांब कलला की तळाची तुळई पिळवटते, मग चारी बाजूंच्या खिडक्यांच्या चौकटी तिरक्या होऊन काचांभोवतीची लांबी (पुट्टी) तडकते. पाणी तिथून शिरतं. लोक छप्पर बदलत बसतात आणि पाया तसाच! थंडीत झडपा पक्क्या बंद केल्या नाहीत तर वारा आत घुसून छप्पर उचलतो. एवढं नवं लाकूड घातल्यावर जुनं किती उरलं, हा तुमच्या मथळ्यातला प्रश्न मात्र रास्त.

वाफाळता_चहा
मुळात चौकी हवीच कशाला? उपग्रह आहेत, कॅमेरे आहेत. आपल्याकडेही वनखात्याला उपग्रहाचे इशारे येतात. पर्यटकांना फोटो हवेत म्हणून कोर्टकचेऱ्या!

काटकोन_नव्हे
आला, उपग्रहवाला आला. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या यंत्राचा ठिपका 375 मीटरचा, आणि फेऱ्या दिवसातून मोजक्या. गोज हा अमेरिकेचा हवामान-उपग्रह दर 5 मिनिटांनी बघतो, पण ठिपका 2 किलोमीटरचा. विजेने पेटलेलं एकटं झाड धुमसत असताना यातलं काय दिसणार? पावसानंतर दरीतून वर येणाऱ्या धुक्याच्या शेंड्या, ज्यांना चौकीवाले 'वॉटर डॉग' म्हणतात, आणि खरा धूर यांतला फरक रोज बघणारा डोळाच ओळखतो.

वाफाळता_चहा
डोळा ओळखेल, पण जागा कोण सांगणार? अंदाजपंचे?

काटकोन_नव्हे
ऑस्बोर्न फायर फाइंडर, म्हणजे धुराची दिशा मोजायचं चौकीतलं यंत्र, बघितलाय का कधी? मध्ये गोल नकाशा, चौकीची जागा बरोब्बर केंद्रात. भोवती अंशांच्या खुणांची कडी, तिच्यावरून फिरणारी नेम धरायची साधनं. मागे बघायची फट, पुढे घोड्याच्या केसाची उभी रेघ. रेघेवर धूर आणा, कडीवरचा अंश वाचा, रेडिओवर सांगा. दुसऱ्या चौकीचा अंश आला की दोन रेघा छेदतात, आग तिथे. कोपऱ्याचा खांब आड आला तर यंत्र रुळांवर बाजूला सरकतं. चुका कुठे होतात तेही ऐका. यंत्राची उत्तर दिशा खरी लावायची, होकायंत्राची नव्हे. अंश माहीत असलेल्या शिखरावर रोज ताडून बघायचं. 1 अंश चुकला तर 10 मैलांवर 900 फुटांहून जास्त फरक. आणि दोन रेघा फार कमी कोनात छेदल्या तर छेद मैलभर पसरतो.

वाफाळता_चहा
म्हणजे दुसरी चौकी नसेल तर तुमचं यंत्र नुसती रेघ देतं. कॅमेऱ्यांनाही तोच हिशोब लागू, आणि ते रात्री झोपत नाहीत. बाकी प्रवचन छान.

काटकोन_नव्हे
रात्रीचं मान्य. प्रवचनाचं नाही. कॅमेऱ्याची काच धुळीने माखली, की पुसायला कुणाला पाठवता?

खिळेठोक
ओ, धागा हेलिकॉप्टरवर होता! आणि काटकोनराव, तुमच्याच मुद्द्याने माझी बाजू घट्ट झाली. चौकी सुटी करून परत उभारताना थोडी जरी फिरली, तरी यंत्राची उत्तर दिशा चुकली.

काटकोन_नव्हे
चुकली तर पुन्हा लावायची. यंत्राचा पाट सैल करून कडी फिरवली की झालं. त्यासाठी चौकी पाडायला सांगणारे तुम्ही पहिलेच.

जाळरेषा
बरं, पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या तारेचं कुणी बोलेल का? छपरावरून चारी कोपऱ्यांतून तांब्याची तार उतरते, लोखंडी चूल आणि खाटही तिलाच जोडतात. माथ्यावर उघडा कातळ, म्हणून तार भेगांतून लांब ओल्या मातीपर्यंत न्यावी लागते. पाया बदलताना हीच तार तुटते आणि परत जोडायची राहते.

खिळेठोक
हे एक बरोबर बोललात. हेलिकॉप्टर तरीही चूकच.