पर्यायी बॅकएंड: 'चाचण्या उत्तीर्ण' म्हणजे नेमके काय उत्तीर्ण?

काटेकोर:
'रस्टमध्ये एलएलव्हीएमऐवजी क्रेनलिफ्ट वापरणे एका ओळीचे काम आहे आणि कंपायलरच्या बहुतेक चाचण्या उत्तीर्ण होत असल्याने त्यावर निर्धास्त विसंबावे,' असे झपाटा यांनी लिहिले आहे. (रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा; बॅकएंड म्हणजे कंपायलरचा यंत्रसंकेत तयार करणारा भाग; एलएलव्हीएम हा नेहमीचा बॅकएंड, क्रेनलिफ्ट हा झटपट बांधणारा पर्यायी.) नाइटलीवर (रस्टची रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती) घटक बसवून कार्गो या बांधणीच्या साधनाच्या प्रोफाइलमध्ये बॅकएंडचे नाव लिहिले की काम जवळपास भागते, हे खरेच आहे. आक्षेप दुसऱ्या विधानाला आहे. रस्ट कंपायलरच्या 'यूआय' चाचण्यांचा (कंपायलर प्रोग्रामरला काय दाखवतो ते पाहणाऱ्या) मोठा हिस्सा टाइप (मूल्याचा प्रकार) आणि बॉरो (मूल्य उसने घेण्याचे नियम) तपासणीचे त्रुटिसंदेश पडताळतो. असा प्रोग्राम यंत्रसंकेत तयार होण्यापूर्वीच नाकारला जातो, त्यामुळे बॅकएंड पूर्ण नादुरुस्त असला तरी ती चाचणी उत्तीर्णच होते. मोजायच्या असतील तर ज्यांत प्रोग्राम प्रत्यक्ष चालतो तेवढ्याच मोजा.

झपाटा:
क्रेनलिफ्ट वॅझमटाइममध्ये (वेबअसेंब्ली प्रोग्राम चालवणारे साधन) प्रत्यक्ष वापरात आहे, हे आपण सोयीस्करपणे वगळले. मी रोज मोठा प्रकल्प बांधतो आणि प्रत्येक बदलानंतरची प्रतीक्षा जाणवण्याइतकी कमी झाली आहे. ज्यांना प्रतीक्षा करावी लागत नाही, त्यांनीच काटेकोरपणाचे धडे द्यावेत हे मला अन्यायाचे वाटते.

काटेकोर:
वेगावर मी एक अक्षरही लिहिलेले नाही. वॅझमटाइमचा दाखला येथे अपुरा आहे, कारण रस्टला लागणारे इनलाइन असेंब्ली (कोडमध्येच लिहिलेल्या यंत्रसूचना), प्रोसेसर-विक्रेतानिहाय सिमड सूचना (एकाच वेळी अनेक मूल्यांवर चालणाऱ्या) आणि पॅनिक म्हणजे गंभीर त्रुटीनंतरचे अनवाइंडिंग (चालू फंक्शने एकेक करून आवरत मागे येणे) यांचा भार त्या वापरावर तसा पडत नाही.

जुनी_बांधणी:
अनवाइंडिंगचा विषय निघालाच आहे, तर माझी जुनी तक्रार मांडते. या बॅकएंडमध्ये दीर्घकाळ पॅनिक म्हणजे थेट अबॉर्ट, अर्थात प्रक्रिया तिथेच बंद, असे होत असे. आमच्या प्रकल्पात पॅनिक अपेक्षित असलेली पहिलीच चाचणी आली आणि सगळी प्रक्रिया संपली. पुढच्या चाचण्या चालल्याच नाहीत. त्यावर एका सहकाऱ्याने तशा सर्व चाचण्या वगळून अहवाल हिरवा करून दाखवला. उत्तीर्णतेच्या आकड्यांविषयीचा माझा राग तेव्हापासूनचा आहे.

झपाटा:
सहकाऱ्याच्या लबाडीचा दोष बॅकएंडच्या माथी मारू नका!

जुनी_बांधणी:
मारत नाही. वगळलेल्या चाचण्यांची यादी निकालासोबत द्यावी, एवढेच मागते. शिवाय तयार मिळणारी स्टँडर्ड लायब्ररी एलएलव्हीएमनेच कंपाइल झालेली असते. आपला कोड आणि त्यात साकारलेली जेनेरिक फंक्शने मात्र क्रेनलिफ्टकडे जातात. एखादा स्ट्रक्ट (मूल्यांचा संच) प्रोसेसरच्या रजिस्टरमधून द्यायचा की मेमरीतून, यावर दोघांचे एकमत नसेल तर कंपायलर काहीच बोलणार नाही, चुकीचे मूल्य मात्र निमूटपणे पुढे जाईल. मूल्ये देण्याघेण्याच्या या यंत्रपातळीवरील संकेतांना एबीआय म्हणतात, आणि एबीआय-कॅफेसारखी साधने नेमकी हीच सीमा तपासतात. आपल्या बांधणीत ती चालतात का?

झपाटा:
चालत नाहीत. हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी तो मूळ चर्चेपासून बराच दूर गेला आहे. मी अवलंबित पॅकेजेस एलएलव्हीएमवर ठेवून फक्त स्वतःचा कोड क्रेनलिफ्टवर बांधतो, त्यामुळे धोका कमी आहे.

काटेकोर:
कमी नाही, उलट दोन बॅकएंडमधील सीमा त्यामुळे वाढतात. तोच स्रोत दोन्हींनी बांधून, दोन्ही प्रोग्राम समान इनपुटवर चालवून आउटपुट ताडून पाहा. सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक सी प्रोग्राम तयार करून याच पद्धतीने कंपायलरमधील ३००हून अधिक दोष उघड केले होते, आणि त्यांत नावाजलेले कंपायलरही होते.

झपाटा:
ठीक आहे, रात्रीच्या बांधणीत ही तुलना जोडतो. दिवसा मात्र क्रेनलिफ्टच राहील.