मदत हवी आहे: दहावीच्या पोरांना वर्गसमीकरणं कशातून शिकवू?

नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या दहावीच्या पाच पोरांना गणित शिकवतो, फी वगैरे काही नाही, हौस आहे म्हणून.

त्रिकोणमितीला मी सरळ लेथवरचा टेपर घेतला, म्हणजे एका टोकाकडे निमुळता होत जाणारा गोल दांडा. एका टोकाला व्यास 40 मिमी, दुसऱ्याला 30, लांबी 50, तर टॅन म्हणजे व्यासांतला फरक भागिले लांबीची दुप्पट, 10 भागिले 100 म्हणजे 0.1, मोबाईलवर कोन काढला तर साधारण 5.7 अंश, आणि तोच कोन कंपाउंड स्लाइडला (लेथवर हत्यार धरणारा, कोनात फिरवता येणारा भाग) लावायचा! पोरं खूश. गंगापूर धरणाच्या विसर्गावरून एककं झाली, 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर, मग 1000 क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, हे ऐकून एकजण म्हणाला म्हणूनच गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडते होय.

पण गाडी अडली वर्गसमीकरणावर. बापाचं वय मुलाच्या वयाच्या इतकं पट, असली गणितं मलाच कंटाळवाणी वाटतात. द्राक्षबागेतल्या ओळी आणि वेलींवरून करून पाहिलं पण ओढूनताणून वाटलं. दोन उत्तरं येतात आणि एक ऋण म्हणून सोडून द्यायचं, हे ज्यात आपोआप पटेल असं काही खरंखुरं उदाहरण आहे का?

आणि दुसरं, तोंडी सगळं येतं पण पेपरात पायऱ्या लिहीत नाहीत, मार्क जातात, आया माझ्याकडे बघतात. शिक्षक मंडळींनी प्लीज सांगा, तुम्ही हे कसं जमवता?