सांगलीत वस्तऱ्याने दाढी करायची आहे, काय सांगू?

विश्रामबागकर:
रविवारी चुलतभावाचं लग्न. एरवी घरीच ट्रिमर फिरवतो, पण या वेळी वस्तऱ्याने गुळगुळीत करून घ्यायची आहे. मानेवर केस भोवऱ्यासारखे फिरलेत, लगेच पुरळ उठतं. कारागिराला नेमकं काय सांगायचं?

कृष्णाकाठ:
भावा, लग्नादिवशी सकाळी नको, शनिवारी संध्याकाळीच उरक. मी हरभट रोडकडे एका जुन्या माणसाकडे बसतो. आधी गरम पाण्याचा नॅपकिन, मग ब्रशने फेस घोळ घोळ घोळवतो. घाई असली तर सरळ उठ म्हणतो. कानशिलापासून सुरू, डाव्या अंगठ्याने कातडी ताणलेली, वस्तरा साधारण ३० अंशांत तिरका. खरखर असा सलग आवाज आला पाहिजे. तुझ्या मानेला उलटा हात मारू नका म्हणून बसायच्या आधीच सांग. केस वाढतात त्या दिशेनेच एक हात, बास.

मिरजवाला:
नवं ब्लेड समोर पाकिटातून काढून, अर्धं मोडून वस्तऱ्यात घालायला लावा. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. लाजायचं काय त्यात?

विश्रामबागकर:
आणि तुरटी?

कृष्णाकाठ:
लावू दे की. चरचरतं, पण बारीकसारीक रक्त थांबतं. वासाच्या लोशनला नको म्हण, अल्कोहोलने मान पेटेल. मसाज करता करता मान कडकन मोडायला जातील, तेही करू देऊ नकोस. आणि सोमवारी बहुतेक दुकानं बंद, ट्रायल घ्यायची तर मंगळवारी जा.